कपाळावरचा बाण

— नको नको, झोपेची सुई नको, थेंब पुरेत. मी झोपलो तर तुझं काम कोण बघणार? आणि आधी तो माइक चालू आहे का बघायला सांग सिस्टरला. आहे? शेजारच्या खोलीत शिकाऊ डॉक्टर पोरं बसलीत ना सगळी? दिसतंय त्यांना टीव्हीवर? छान. मुलांनो, मी डॉक्टर वेंकटसामी बोलतोय — आवाजावरून ओळखलंच असेल — आज तुम्हाला जो डोळा दिसणार आहे ना, तो अख्ख्या फिजीतला सगळ्यात अनुभवी डोळा आहे. रोटुमापासून सुवापर्यंत ज्याला म्हणून म्हातारपणी पेपर वाचता येतो, त्यानं सकाळी उठून आधी या डोळ्याला नमस्कार करावा. आता त्यालाच मोतीबिंदू झालाय. उजवा. पार दूध झालंय. डावा अजून ठणठणीत आहे, म्हणजे तेवढ्यावरच चाललंय सगळं — पेपर, गाडी, लोकांच्या चुका काढणं. हो गं वासिती, पडतो आडवा. पडतोय ना. ही उशी कुणी आणली? माझ्या वेळची उशी बरी होती.

काय? — तुलोऊ? आलं! आलं बघा तुझं तुलोऊ! अगं मी आहे, मी! माझ्या डोक्याला हात लावायला परवानगी कसली मागतेस? मुलांनो, बघून घ्या. या तुमच्या डॉक्टर वासिती नाइवालू. हात सोन्याचा, मीच घडवलेला, पण पेशंटच्या डोक्याला हात लावायचा म्हटलं की या थांबणार, जरा वाकणार, हळूच 'तुलोऊ' म्हणणार, आणि तो 'लाव' म्हणेपर्यंत यांचे हात हवेत. डोकं म्हणजे मोठी गोष्ट, विचारल्याशिवाय शिवायचं नाही — मान्य! गावात, चटईवर, वडीलधाऱ्यांसमोर, मान्य. माझा जन्म गेलाय तुम्हा लोकांत, मला नका शिकवू. पण ऑपरेशनच्या टेबलावर? आणि नुसतं तुलोऊ म्हणून सोडेल तर शपथ. मग चेहऱ्याकडं बघणार, नाव काय, गाव कुठलं, कुठला डोळा, कधीपासून दिसत नाही, घरी कोण असतं — अगं एवढ्या वेळात मी एक डोळा उरकून हात धुवायचो! हो, हो, लाव हात. आणि पुन्हा नको विचारूस. आज एकदा दिली परवानगी ती शेवटपर्यंत चालेल, कळलं?

बाण? बाण बघतेयस होय? बघ, बघ. कसा आहे? सिस्टर आसेनानं काढला होता सकाळी, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या वर, कपाळाला, बाण कसला, गांडूळ! मी म्हटलं हे असलं घेऊन मी पोरांसमोर जाणार? गेलो बाथरूममध्ये, साबणानं घासून काढलं आणि स्वतः काढला. आरशासमोर उभा राहिलो, चष्मा नाही, एक डोळा दुधाचा, तरी बघ कसा सरळ आलाय. पेशंटशी बोलतो तसं आरशातल्या माणसाशी बोललो — म्हटलं या डॉक्टर, बसा, हनुवटी वर, हलू नका — आणि एका दमात रेघ. चाळीस वर्षांचा हात आहे, थरथरेल कशाला? तुला माहितीय माझा नियम — मीच लावला होता इथं, सगळ्यांना तोंडपाठ आहे — बाण मोठ्या डॉक्टरनं काढला की त्यावर प्रश्न नाही. बाण दिसला, चला. विचारत बसायला ही काय लग्नाची बोलणी आहेत?

काय म्हणालीस? कुठला डोळा म्हणजे? वासिती, तू मला विचारतेस, कुठला डोळा? सकाळी दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून तासभर आत डोकावत बसलीस, दोन्ही बाहुल्या बशीएवढ्या करून ठेवल्यास, आता विचारतेस कुठला? उजवा! उजवा गं बाई, उजवा, ज्यातनं मला तुझ्या जागी एक ढग दिसतोय तो. बोट लावून दाखवू? हा. झालं समाधान? बाई, हा हट्टच तुझा. मुलांनो, हा वेळ कुणाचा गेला? पेशंटचा. — आणि हे काय गार गार लावतेयस कपाळाला? घाम नाहीये तो. मला घाम येत नाही. बरं, आलाही असेल थोडा, तुमचं एसी बरोबर नाहीये. पूस, पूस.

कुणाचा हात हा? सिस्टर, तुझा? मला हात धरायची गरज नाही, मी काय — नाही, राहू दे आता धरलायस तर. तुलाच बरं वाटेल.

टाक पडदा. हं. हं. अरे — हे इतकं जवळ असतं होय? नाकावर? मी म्हणायचो पेशंटला, पातळ कापड आहे, काही कळणार नाही. कळतं की. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. कुणी सांगितलं नाही मला हे. एकानं सांगायचं नाही? — काय? मी बोलू देत नव्हतो? तसं नाही, बोलू देत होतो मी, ऑपरेशन झाल्यावर बोलावं ना माणसानं, तेव्हा बोलावलेलं असतं का कुणी? तेव्हा पुढचा आलेला असतो आत.

उजेड बघतोय मी. वरच. वरच बघतोय. छान आहे उजेड. तीन आहेत खरं तर, आणि मधे निळं काहीतरी — आता पाणी वाहतंय. हे तू केलंस ना, कडेला, तो छोटा काप? किती केलास? अगदी कडेला गेलीस ना? मी जरा आत जातो. म्हणजे जायचो. थांबलीस का? — मी बोलतोय म्हणून? अगं मी हलत नाहीये, नुसती जीभ हलतेय! जबडा हलला की डोकं हलतं — हे मला सांगतेस? हे वाक्य माझं आहे. बरं. गप्प. गप्प बसलो.

…

पण मी काय म्हणतो, पोरांना काही ऐकू नको का? नुसता डोळा काय बघायचाय, डोळे रोजच बघतात. मी हळू बोलतो, दातांतल्या दातांत, असं. आता कुठं हललं? आहे ना स्थिर? तर मुलांनो, हे तुलोऊ किती महागात पडतं त्याची एक गोष्ट सांगतो, कांदावू बेटावरची. यांना माहितीय, या होत्या, तेव्हा नुकत्याच आलेल्या, बॅटरी धरायला ठेवलं होतं मी यांना. शाळेत शिबिर. बाकं जोडून टेबल केलेलं, बाहेर रांग लागलेली, दोन-तीन गावांची माणसं, टोपल्यांतनं दालोचे कंद आणि मासे घेऊन आलेली, आणि समुद्र खवळायच्या आत मला परतायचं होतं. पहिला पेशंट गावाचा मुखिया, रातू एपेली, डोक्यावर पांढरे केस असे फुललेले. मी काय केलं? जे इथं दिवसभर करायचो तेच. म्हटलं झोप बाबा, आणि धरलं डोकं दोन्ही हातांनी, वळवलं उजेडाकडं. बस. एवढंच! तो म्हातारा उठला. कपडे झटकले आणि चालायला लागला. आणि त्याच्यामागं, बघता बघता, सगळी रांग. टोपल्या उचलून. आंधळी माणसं एकमेकांचे खांदे धरून निघून गेली माझ्यासमोरनं! मी, न्यूझीलंडला, डुनेडिनला शिकलेला, बा गावच्या उसाच्या पट्ट्यातनं वर आलेला पहिला डोळ्यांचा डॉक्टर, हातात चिमटा घेऊन रिकाम्या शाळेत उभा. काय म्हणावं याला? मागासलेपणा!

मग ही वासिती गेली. यांगोनाची मुळं घेऊन — माफी मागायला जाताना इथं तीच न्यायची असतात — त्याच्या दारात मांडी घालून बसली संध्याकाळभर, माझ्या वतीनं माफी मागत. माझ्या वतीनं! मी काही सांगितलं नव्हतं हं, मी बोटीवर होतो, डबाबंद मासळी खात. दुसऱ्या दिवशी सकाळी आले सगळे परत. पण मुखियाची अट काय, तर आधी त्या पोरीनं तुलोऊ म्हणायचं, मग डोकं तिनंच धरायचं, आणि मग त्या दुसऱ्यानं कापायचं असेल तर कापावं. दुसरा म्हणजे मी. तो दुसरा! पेपरात मी छापून आणलं की हवामान बिघडल्यामुळं शिबिर एक दिवस पुढं गेलं. तर गोष्टीचं तात्पर्य काय? एक अख्खा दिवस वाया. कशामुळं? तुलोऊमुळं.

— न म्हटल्यामुळं? कोण बोललं ते? सिस्टर, तू? सिस्टरनं हात धरायचा, बोलायचं नाही.

ही कुंई कुंई मशीनची का? आतनं ऐकायला फारच — आत काहीतरी फोडतायत असं वाटतं. फोडतच आहात म्हणा. वासिती, ती भिंगामागची पिशवी पातळ असते हं माझी. म्हणजे असेल. आमच्या घरात सगळ्यांचीच पातळ. आईचं मी स्वतः केलं होतं, तेव्हा बघितलंय. फाटली तर — नाही, फाटणार नाही, तू चांगली आहेस. चांगली आहेस तू. हे मी कधी म्हटलं नव्हतं का? म्हटलं असेल. मनात तरी म्हटलं असेल. नाहीतर मी तुझ्याकडं आलो असतो का? लोक विचारतात, डॉक्टर, तुमचा मुलगा ब्रिस्बेनला, तिकडं एवढी मोठी मोठी हॉस्पिटलं, तुम्ही इथं कशाला? मी सांगतो, माझा माझ्या माणसांवर विश्वास आहे. टाळ्या पडतात. रोटरीच्या जेवणात पडल्या. खरं सांगू का — हळू सांगतो — गेलो होतो मी ब्रिस्बेनला. मुलानं सगळं ठरवलेलं. तो डॉक्टर आला, माझ्या बुटांपेक्षा वयानं लहान, खांद्यावर थाप मारून म्हणतो, काय दोस्ता, कसं काय? दोस्ता! मला! मी म्हटलं, मीही नेत्रतज्ज्ञ आहे. तर म्हणे, अरे वा, चष्म्याचं दुकान आहे का? वासिती, मी तिथनं सरळ बाहेर. मुलाला सांगितलं माझा रक्तदाब वाढला. आणि वाढलाही होता. त्या हॉस्पिटलात भिंतीवर कुणाकुणाचे फोटो होते, मी एकालाही ओळखत नव्हतो, मला एकही ओळखत नव्हता, आणि हा माणूस माझ्या डोळ्यात सुरी घालणार. तेव्हा मला वाटलं, आपल्या त्या रांगेतल्या लोकांना असंच — नाही. काही वाटलं नाही. विमानात जेवण चांगलं होतं.

मग परत येऊन विचार केला, कोण? आपले शिकवलेले एकेक आठवले. एकाचा हात जड, एकाचं लक्ष घड्याळात. मी सगळ्यांना सांगत आलो की तुम्हाला काही येत नाही, आणि बघतो तर खरंच येत नव्हतं! नीट शिकवलं नसेल कुणीतरी. उरली ही. म्हणजे तू. आणि तो सुरेश पिल्ले, पण तो ऑकलंडला पळाला, प्रमुखाच्या खुर्चीवर बसून धड वर्ष झालं नव्हतं तेव्हाच. तुला ती खुर्ची द्यायला हवी होती, लोक म्हणतात. कमिटीत मला विचारलं होतं ना, प्रमुख कुणाला करायचं. मी तुझ्याबद्दल चांगलंच बोललो हं! म्हटलं, हात सोन्याचा, पण फार विचारत बसते. रांग पुढं सरकत नाही. प्रमुखाला असं विचारत बसून चालत नाही. म्हणून मग पिल्ले —

तुला माहीत नव्हतं?

मला वाटलं कुणीतरी सांगितलं असेल. इतकी वर्षं झाली. हात का थांबला? वासिती? मी बोलतोय म्हणून थांबलाय ना? हो, जबडा. जबडा हलतोय माझा. हे बघ, गप्प झालो. तू चालू दे. शांतपणानं चालू दे. सिस्टर, घट्ट धर जरा.

…

…

वाहतंय पुन्हा पाणी. बरं झालं. आणि हे — अरे! हे काय? हा उजेड गोल झाला! मघाशी पसरलेला होता, आता कड आली त्याला. भिंग बसलं वाटतं. बसलं? निळं केवढं निळं आहे! हे असं होतं निळं? मी किती वर्षं — बरं. मुलांनो, हे लक्षात घ्या, भिंग बसल्यावर पेशंटला रंग दिसतात. हे पुस्तकात असतं. पण असं नसतं. — नाही, रडत नाहीये, तुमचं पाणी आहे ते.

झालं? एवढ्यात? टाका नाही? सुंदर. म्हणजे, ठीक आहे. आता तो पडदा काढायच्या आधी सिस्टर, कॅमेरा जरा वर घे, कापड सरकव आणि कपाळ दाखव पोरांना. मुलांनो, शेवटचा धडा. ऑपरेशन कुणीही करेल, पण बाण असा काढावा लागतो. सरळ, टोकदार, कुणाला शंका यायला जागाच नाही — काय? कुठं गेला? नाहीये म्हणजे? पुसला? तू पुसलास? ते गार गार — ते स्पिरिट होतं! मी काढलेला बाण तू मला न विचारता — म्हणजे एरवी सगळं विचारतेस आणि हे — का? काय कारण? —

डावीकडं होता?

शक्य नाही. तुझ्या डावीकडं असेल. तू समोर उभी, तुझी डावी ती माझी उजवी, हे पहिल्या दिवशी शिकवलंय मी तुला — माझ्या? माझ्या डाव्या डोळ्यावर? कसं शक्य आहे? सिस्टर, तू पाहिलास? पाहिलास. मग बोलली का नाहीस? — 'सरांचा बाण.' हं. बरोबर. नियम आहे तो. चांगला नियम आहे.

थांब, थांब, मला नीट आठवू दे. मी आरशासमोर. समोर चेहरा. पेशंट समोर बसला की त्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, चाळीस वर्षं मी समोरच्या चेहऱ्याच्या त्या बाजूला बघतो आणि म्हणतो, उजवा. विचार नाही करावा लागत. तर मी म्हटलं या डॉक्टर, बसा, हनुवटी वर — आणि त्या बाजूचा डोळा धरला, म्हटलं हा उजवा — आणि एका दमात —

पण तो पेशंट नव्हता. आरसा होता तो. आरशात डावीकडं असतो तो डावाच.

म्हणजे तू विचारलं नसतंस, तर तू तो डावा — माझा चांगला. माझा एकच चांगला. त्याच्यातलं स्वच्छ भिंग काढून दुसऱ्याच मापाचं — मला कळलं असतं, मी ओरडलो असतो. ओरडलो असतो ना? दोन्ही बधिर, दोन्हींसमोर नुसता उजेड, आणि मी तर कांदावूची गोष्ट सांगत होतो. मी म्हणतच होतो की विचारू नको. बाण दिसला, चला. मीच म्हणत होतो.

परीक्षा होती. मुलांनो, ऐकताय ना? ती परीक्षा होती. मी मुद्दाम चुकीच्या बाजूला काढला होता, बघायला, की डॉक्टर वासितींच्या लक्षात येतं का. आलं. पास! त्यांच्यासाठी टाळ्या —

पलीकडं कोण हसतंय? सिस्टर, कोण हसतंय ते?

तू काही बोलणार नाहीस का वासिती? वासिती?

…

नव्हती. परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती. माइक बंद करू नको, असू दे. भीती वाटत होती मला, सकाळपासून. आसेनाचा बाण पुसला तो सरळ नव्हता म्हणून नाही, हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून. त्या मुखियाला मी — जाऊ दे. जिवंत आहे का तो? गेला. हं.

काढ आता हे डोक्यावरनं, गुदमरतोय. काढ ना. काय झालं? हात का वर धरलायस तसा? मला दिसतोय बरं का, बोटंन् बोटं दिसतायत. काढ — अच्छा. मीच म्हणालो होतो ना, पुन्हा विचारायचं नाही.

विचार.

मोठ्यानं, माइकमध्ये.

हं. लाव.